उदाहरणादाखल एक बाळ

लाल दिवा लागला आणि प्राणिशास्त्राच्या बाईंनी श्वसनाचा धडा सुरू केला. समोरच परवाना खात्याचे साहेब कानाला हेडफोन लावून बसले होते. विद्यापीठाच्या रेडिओचा परवाना नव्याने मिळायचा होता. त्यातली मुख्य अट केंद्रात सगळ्यांना पाठ होती: इथून फक्त शिक्षण द्यायचं, खासगी निरोप मुळीच नाही. मागे एका प्राध्यापकांनी मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हा केंद्र बंद पडता पडता वाचलं होतं.

धडा निम्म्यावर आला, तोच काचेपलीकडे तंत्रज्ञ हातवारे करू लागला. आधी त्याने हातांचा पाळणा करून झुलवला. मग अंगठा वर केला. मग कानांपाशी दोन वेण्या काढून दाखवल्या.

बाईंनी ओळखलं, दवाखान्याचा फोन आला. लेक सुटली! पण जावई मासेमारीच्या बोटीवर. तिथे फोन लागत नसे. रेडिओ लागायचा, आणि सासूबाईंचा तास तो बायकोच्या धाकाने का होईना, रोज ऐकायचा.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"आता एक उदाहरण घेऊ. समजा, आत्ताच एक बाळ जन्मलं. त्याचे वडील दूर समुद्रावर आहेत. बाळ पहिला श्वास घेतं आणि टाहो फोडतं. म्हणजे फुप्फुसं उत्तम. आईही ठणठणीत. वडिलांनी काळजी करू नये."

तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. धडा संपला, दिवा विझला. साहेबांनी हेडफोन काढला.

"बाई, वडिलांचा श्वसनाशी काय संबंध?"

"काळजीने त्यांचा श्वास रोखलेला असतो, साहेब."

साहेबांनी हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "निरोपाला बंदी आहे. उदाहरणाला नाही. पण तुमचं उदाहरण अर्धवट राहिलंय."

"अर्धवट?"

"मुलगा की मुलगी, ते सांगितलंच नाहीत. तिकडे विद्यार्थ्याचा जीव टांगणीला लागला असेल. उजळणी घ्या. उजळणी शिक्षणातच मोडते." त्यांनी स्वतःच तंत्रज्ञाला खूण केली.

दिवा पुन्हा लागला. बाई माइकपाशी वाकल्या.

"विद्यार्थी मित्रा," त्या म्हणाल्या, "उदाहरणातलं बाळ मुलगी आहे."

पुढे त्यांना बोलवेना. काही वेळ विद्यापीठाच्या रेडिओवरून नुसतं हसू ऐकू येत राहिलं, आणि ते एकट्या बाईंचं नव्हतं.