कलमाचं मेण

समुद्रापलीकडून वाट चुकून आलेला, झाडांचा रस पिणारा अमेरिकन सुतारपक्षी न्युरेम्बर्गच्या आसपास दिसला होता. त्याच्यासाठी देवदत्तने सुट्टीचा प्रत्येक दिवस रानं तुडवली आणि आजही तो चिखलानं माखलेल्या बुटांनी, हात हलवत परतला.

"एकदा तरी दिसायला हवा होता," तो पुटपुटला.

नंदा फोनवर पक्षिमित्रांचा संदेश वाचत होती. "अहो, हा खोडावर ओळीनं भोकं पाडतो आणि रस प्यायला पुन्हा त्याच झाडावर येतो म्हणे."

देवदत्त खिडकीतून बागेतल्या बर्चच्या झाडाकडे बघत राहिला. त्याच्या खोडावरची ओळीतली भोकं, कीड लागली म्हणून, त्यानंच झाडाच्या जखमांवर लावायच्या कलमाच्या मेणानं निगुतीनं बुजवली होती.

"तरीच," नंदा म्हणाली, "तुम्ही ऑफिसला गेलात की बागेत रोज टकटक व्हायची. हल्ली येत नाही तो."