बुटका ट्रायपॉड

समारंभांचे फोटो काढण्यात बाबांची हयात गेली होती. त्यांच्या शेजारी लाईट धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला, कॅमेरा आपल्या हाती कधी येणार, हे विचारायचा धीर होत नव्हता. आज नवा ट्रायपॉड घेताना बाबांनी दुकानातल्या एकेका ट्रायपॉडचे पाय ओढून, दाबून पाहिले आणि नेमका बुटका निवडला.

"बाबा, याच्यासमोर वाकून तुमची कंबर मोडेल," ती म्हणाली.

दुकानदारानेही री ओढली. "ताडमाड माणसाने असला घ्यायचा नसतो, साहेब."

"वाकतंय कोण?" बाबांनी तिला ट्रायपॉडमागे उभं केलं आणि उंची तिच्या डोळ्यांशी जुळवून पाहिली. "आमच्या फोटोग्राफर बाईंना अगदी बरोबर बसतोय. लाईट धरायला मात्र ताडमाड माणूसच बरा."