आंसेल्मची शेवटची कविता

युगेतला पहिल्या रांगेत, थेट नगराध्यक्षांशेजारी बसवलं होतं. दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण रेजीन. लिमोजमधले झाडून सगळे शहाणे आज आंसेल्मच्या नावाने भरलेल्या कविता-महोत्सवाला जमले होते आणि त्यांची कौतुकाने ओथंबलेली तोंडं बघून युगेतला वीट आला होता.

"अगं, आज तरी तोंड सांभाळ," रेजीन कुजबुजली.

"तीस वर्षं सांभाळलं. आज नाही."

कार्यक्रमाच्या शेवटी कवीची पत्नी म्हणून तिने दोन शब्द बोलायचे होते. तिने एकच वाक्य ठरवून आणलं होतं: माझा नवरा ढोंगी होता आणि तुम्ही सगळे गाढव आहात. एवढं एकदा चारचौघांत बोलून टाकलं की ती मरायला मोकळी होती.

आंसेल्म कवी होता म्हणे. त्याच्या कवितेत शब्द नसत. विव्हळणं, खोकणं, गुरगुरणं, बस. दार लावून घ्यायचा, टेपरेकॉर्डर सुरू करायचा आणि तासन्‌तास ओरडत बसायचा. हिने लोकांचे कपडे शिवून घर चालवायचं आणि पॅरिसहून पत्रकार आले की कॉफीही हिनेच करायची. आता गावातल्या एका शाळेला त्याचं नाव दिलं होतं. तिथे पोरं ओरडली की शिक्षा होते, हे युगेत मुद्दाम चौकशी करून आली होती.

एकदा तर पाहुण्यांसमोर, ती सशाचं कालवण वाढत असताना, हा गळा धरून खाली कोसळला. युगेत अनवाणी धावत जाऊन डॉक्टरला घेऊन आली. तोवर महाशय उठून वाइन पीत बसले होते. "कविता होती गं," म्हणाला, आणि डॉक्टरसकट सगळे तिच्याकडे बघून पोट धरून हसले. ती लाज तिला अजून जाळत होती. त्यानंतर आतून काहीही ऐकू आलं तरी तिने त्याच्या खोलीचं दार उघडलं नाही.

मग एका रविवारी, ती रेजीनकडे जेवायला गेलेली असताना, हृदय बंद पडून तो गेला. तिला रडू आलं नाही. महोत्सववाल्यांनी त्याचं यंत्र आणि टेपांची खोकी मागितली, तेव्हा एकदाची ब्याद गेली म्हणून तिने सगळं देऊन टाकलं. त्यातली एकही टेप तिने कधी ऐकली नव्हती.

महोत्सवाचा संचालक बास्तियां व्यासपीठावर आला. तिशीतला पोरगा, पण आवाज पाद्र्याचा.

"ही त्यांची शेवटची, आता जगभर गाजलेली रचना. यंत्रावर तशीच लागलेली सापडली. इथे भाषा संपते."

युगेतने नाक मुरडलं. दिवे मंद झाले.

धाप. घरघर. काहीतरी जड पडल्याचा आवाज. मग लाकडावर नखं ओढल्यासारखी खरखर, बराच वेळ. तेच जुनं सोंग, युगेतच्या मनात आलं. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला आणि तिला हसू आवरेना.

अचानक सभागृह चिडीचूप झालं. लोक खुर्च्यांवर पुढे सरकले. पुढचं त्यांना पाठ होतं.

टेपवर, बंद दारापलीकडून, एका बाईचा आवाज आला.

"पुरे कर आता ते सोंग. मी रेजीनकडे जेवायला चालले."