जयराजच्या हातची वीज

जयराजने तांब्याच्या पट्ट्यांवर तळवे टेकवले आणि शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या. त्याची मान पुढे कलली. ती पुन्हा वर आली नाही.

त्याची आई शालूबाई शेडच्या दारात होती. थोड्या वेळापूर्वी जेवणापुरते त्याने पट्ट्यांवरून हात काढले होते, तेव्हा तिनेच त्याला घास भरवले होते. ती धावली, पण तिच्या नवऱ्याने, आकारामने तिला धरलं. पोराचा जीव गेला होता, वीज गेली नव्हती. तळवे अजून पांढरे उजळत होते. त्याला हात लावायचा तर आधी सगळ्या मोटरी बंद व्हायला हव्या होत्या.

ही ताकद त्याला लहानपणापासून होती. उंब्रजच्या शाळेत तो बल्ब नुसता हातात धरून पेटवायचा आणि पोरं हसायची. त्याची वीज म्हणजे ना कोळसा, ना धूर, ना कुणाचं गाव धरणात बुडवणं. शालूबाईचं माहेर तसंच बुडालं होतं. आधी आपलं गाव, मग कुपवाडचे कारखाने, मग सगळं जग, असं तो म्हणायचा.

गावाकडे त्याचं एकच मागणं होतं. मोटरींचे ऑटो काढा. ऑटो असला की वीज येताच मोटर आपोआप सुरू होते, कुणाला रानात जावं लागत नाही.

"आवं, एकामागनं एक चालू करा," तो ग्रामसभेत म्हणाला होता. "समदे एकदम वढता, मग छातीत कळ येती."

समोर बसलेला सयाजी हसला होता. "तू सुपरहिरो गड्या. तुला काय हुतंय?"

तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि घरी जाताना प्रत्येकाला वाटलं, आपल्या एकट्याच्या मोटरीने काय होणार.

आता सयाजीच सगळ्यात आधी रानाकडे पळाला. मागोमाग बाकीचे. मोटरी थांबत गेल्या, तसा तळव्यांचा उजेड मंदावत गेला.

शेवटी एकीचाच आवाज राहिला. शालूबाईने कान दिला. तो त्यांच्याच मळ्याकडून येत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आकारामने मान खाली घातली.

ती एवढंच म्हणाली, "जावा, बंद करून या. मला त्याला मांडीवर घ्यायचंय."

आकाराम निघाला. बांधापर्यंत गेला आणि तसाच परत आला. पोरासमोर मातीत बसला.

"थोडं बसू दे गं," तो म्हणाला. "मोटर थांबली की त्येच्या हातातला उजेड जाणार."