वानवळा

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी भावाने पाठवलेली रताळ्यांची पिशवी आली, तशी इंदुमतीबाईंनी शेजारच्या रोहिणीला हाक मारली. "बघ गं, माझ्या माहेरचा वानवळा. दुकानात भाजीवर धरतेस तसा धर की तुझा फोन. माझ्या वडलांचं वाघोशीचं शेत दिसेल."

कुठलीही भाजी कुठल्या रानात पिकली, हे आता फोन धरला की कळायचं. रोहिणीने मातीने माखलेल्या एका रताळ्यावर फोन धरला, वाचलं आणि तो बाईंच्या हातात दिला.

'वाढ: मातीविना, दिव्यांखाली. इमारतीचा चौथा मजला, सुरत. सालीवरची माती: वाघोशी, गट क्रमांक ११२. तिथे सहा वर्षांपासून शेती नाही, गोदाम आहे.'

ही सहा वर्षं एकही शिवरात्र वानवळ्यावाचून गेली नव्हती. म्हणजे त्यांचा भाऊ दिगू बाजारातून रताळी आणायचा, गोदामाच्या कुंपणालगतची माती कालवून त्यांना फासायचा आणि मग बहिणीला पाठवायचा.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "आक्का, पोचली का रताळी? यंदा काय पीक आलंय म्हणून सांगू."

बाई म्हणाल्या, "पोचली रे. आपल्या शेतातली माती मी ओळखणार नाही होय?"

फोन ठेवून त्यांनी परात घेतली आणि एकेक रताळं तिच्यात धुतलं. ते गढूळ पाणी मोरीत ओतायला मात्र त्यांचा हात धजेना.