काट्याच्या पाठीवरची चिठ्ठी

स्फॅक्स शहरातल्या तेलघाण्यात ऑलिव्हची पोती वजनकाट्यावर चढत होती आणि काट्याला जोडलेल्या माझ्या कॉम्प्युटरवर किलोंच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटत होती. बाहेर शेतकऱ्यांची रांग खोळंबलेली.

"लझहरकाका, कळत नाही तर वायरला हात कशाला लावता?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

काट्यावर पोती तोलणारे म्हातारे लझहरकाका वाकले. त्यांनी बाहीने काट्याची तेलकट पाठ पुसली. तिथे चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी होती: 'माहिती पाठवण्याचा वेग २४००'. माझ्या प्रोग्राममध्ये ९६०० होता. तो बदलताच किलो सरळ दिसू लागले.

"कुणी लिहिलंय हे?" अक्षर ओळखूनही मी विचारलं.

"तुम्हीच, साहेब. गेल्या हंगामात म्हणाला होतात, 'काका, एवढी चिठ्ठी जपा, मी विसरतो.'"