शेवंतीकाकींचं रक्त

एकविसाव्या दिवशी सकाळी हेमांगीने पिंजऱ्यात पाहिलं, तेव्हा दहाही उंदीर दाणे खात होते. माकडतापाचा विषाणू टोचूनही त्यांतला एकही दगावला नव्हता. औषध न दिलेले उंदीर मात्र केव्हाच मेले होते.

तीन वर्षांपूर्वी हेमांगी या संशोधनासाठी पुण्याहून दोडामार्गकडच्या एका गावात गेली होती. तिथल्या शेवंतीकाकी नुकत्याच माकडतापातून उठल्या होत्या. त्यांचा नवरा त्याच तापाने गेला होता. काजूच्या बागेत दोघं जोडीनंच कामाला जायची. अशा बाईकडे रक्त मागायला हेमांगीची जीभ रेटेना. शेवटी काकींनीच हात पुढे केला. "घे. कोणाच्या तरी उपयोगाक येऊ दे."

त्या रक्तातल्या शेकडो पेशी तपासल्यावर विषाणूला अडवणारं प्रतिपिंड तयार करणारी एक पेशी सापडली होती. त्याच प्रतिपिंडाचं हे औषध.

प्रयोगशाळेचा पोशाख उतरवून हेमांगी बाहेर आली आणि तिने काकींना फोन लावला.

"काकी, तुमच्या रक्तापासून केलेलं औषध उंदरांना लागू पडलं. माणसांना द्यायला अजून काही वर्षं लागतील."

"उंदीर जगले मां पण?"

"दहाही जगले."

"मगे बरा झाला. ह्यांका मिळाला नाय, दुसऱ्या कोणाच्या घोवाक तरी मिळतला."

काकी फोन बंद करायला विसरल्या. शेजारणीला त्या हाक मारून सांगत होत्या, "गो, ऐकलंस? माझ्या रगतान धा उंदीर वाचले." हेमांगी कितीतरी वेळ ते ऐकत उभी राहिली.